रविवारच्या दुपारचे पुराणिक : फादर स्टीफन्स

माझे बालपण निपाणीस गेले आणि शिक्षण बेळगावास झाले. निपाणीची आठवण म्हणजे वखारीतल्या तंबाखूचा वास. बेळगावची आठवण मात्र कानाची आहे. मामांच्या बिऱ्हाडाच्या भिंतीपलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांचे पूर्वज कोणे एके काळी गोव्याहून घाट चढून खानापुराकडे आले व तेथून बेळगावात स्थिरावले. तिन्हीसांजेला आमच्याकडे दिवा लागून शुभंकरोति झाली, परवचा आटोपला, की भिंतीपलीकडून तेर्स सुरू होई. घरातली वडीलधारी बाई आधी म्हणे, मग बाकीची सारी मंडळी एका सुरात म्हणत. शब्द कोंकणी असत. निम्मे कळत, निम्मे कळत नसत. तेर्स संपला की मुले एकेका वडीलमाणसापुढे हात जोडून उभी राहत व बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागत. आम्ही दिव्याला हात जोडून झाल्यावर आजोबांच्या पाया पडत असू, त्यातलाच हा प्रकार.

त्या घरच्या बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. पहाटे देवळात जाऊन येणे, मग चूल, धुणे, मुलांच्या शाळा, शेजारी कोणी आजारी असेल तर पेजेचे भांडे पाठविणे, दुपारी देवळाची घंटा झाली की हातातले काम क्षणभर थांबवून छातीवर क्रूस करणे, आणि संध्याकाळी तेर्स. ह्यापलीकडे त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. तरीही त्यांच्या घरात गेले की देवळात आल्यासारखे वाटे. संसार न सोडता, वेष न पालटता, भाकरी थापता थापता देवाच्या जवळ कसे राहावे, ही विद्या त्यांच्याजवळ होती. आपल्याकडे ती संतांनी घरोघर नेली. ह्या लोकांच्या घरात ती कोणी आणली, हा प्रश्न मला पुढे कॉलेजात असताना पडला. त्याचा शोध घेता घेता ज्या माणसापाशी मी येऊन थांबलो, तो निघाला इंग्रज.

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या शाळेत अनेकांनी पाठ केल्या आहेत; त्या येथे पुन्हा देण्याचे कारण नाही. पण ह्या ओव्यांनी एक घोटाळाही केला आहे. स्टीफन्स म्हणजे मराठीवर लुब्ध झालेला परदेशी कवी, एवढीच त्यांची ओळख आपण ठेवली. ते आधी पाद्री होते, आणि पाद्री म्हणून त्यांस जे काम करावयाचे होते त्याच्या पोटी त्यांचे काव्य जन्मले, हे आपण सोयीने विसरलो.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक राहणे जिवावरचे काम झाले होते. राणी एलिझाबेथच्या राज्यात रोमच्या धर्मगुरूंस मानणे म्हणजे राजद्रोह. स्टीफन्सांचा थॉमस पाउंड नावाचा एक श्रीमंत मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जावयाचे व तेथे येशूसंघात प्रवेश करावयाचा असा बेत केला होता. निघण्यापूर्वीच पाउंड पकडला गेला. पुढची सुमारे तीस वर्षे तो एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात फिरत राहिला. स्टीफन्स एकटेच निसटले आणि १५७५ च्या ऑक्टोबरात रोमला येशूसंघात दाखल झाले. त्याच संघातला एडमंड कॅम्पियन हा इंग्रज विद्वान पुढे मायदेशी परतला, आणि १५८१ साली लंडनमध्ये त्याला फाशी देण्यात आले.

हे सांगण्याचे कारण असे की, स्टीफन्सांच्या पिढीत साधुत्वाची कल्पना रक्ताने रंगलेली होती. देवासाठी मरावयाचे, तुरुंगात कुजावयाचे, ही त्यांच्या सोबत्यांची वाट. ती वाट त्यांच्याही समोर होती. त्यांच्या वाट्याला मात्र दुसरीच आली. आणि ती मला अधिक कठीण वाटते.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले व आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचले. येताच थोड्या दिवसांत वडिलांना त्यांनी त्या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडात छापले गेले व दर्यावर्दी लोकांनी आवडीने वाचले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासात त्यांचा उल्लेख होतो तो ह्यामुळे. दुसऱ्या वर्षी त्यांस पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी साष्टीस झाली. साष्टी म्हणजे मडगाव, राशोल, बाणावली, नावेली हा दक्षिण गोव्याचा मुलूख. मध्यंतरी काही काळ ते वसईलाही होते. तेवढे सोडले तर पुढची जवळजवळ चाळीस वर्षे साष्टी हेच त्यांचे घर.

ह्या साष्टीची स्थिती काय होती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. भीड धरण्यात अर्थ नाही. १५४३ पासून हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले होते. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडण्यात आली होती. कित्येक कुटुंबे आपले देव उचलून नदीपार गेली; जी राहिली त्यांतली अनेक ख्रिस्ती झाली, काही मनाने, काही नाइलाजाने. स्टीफन्स ह्या सत्तेच्या आश्रयानेच तेथे आले होते. तिच्याविरुद्ध त्यांनी आवाज उठविला असे म्हणता येत नाही. जुन्या देवदेवतांविषयी त्यांचे मत त्यांच्या काळच्या पाद्र्याचेच होते. त्यांचे चरित्र वाचताना आपल्यासारख्यांच्या मनात ही सल राहते, आणि ती राहावी हेच बरे.

१५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावी ह्या सगळ्याचा स्फोट झाला. देऊळ बांधण्यासाठी जागा पाहावयास व क्रूस उभारावयास आलेल्या पाच येशूसंघीयांस गावकऱ्यांनी ठार केले. त्यांत अकबर बादशहाच्या दरबारी राहून नुकतेच परतलेले रुदोल्फ आक्वाविवा हेही होते. प्रेते विहिरीत टाकण्यात आली. ती बाहेर काढून आणण्याच्या कामी स्टीफन्स होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेऊन विश्वासघाताने ठार केले. तेही ह्याच हकीकतीचा भाग आहे. त्या पाच जणांना १८९३ साली रोमने धन्य म्हणून घोषित केले. त्यांची प्रेते वाहणाऱ्याला अशी कोणतीच पदवी मिळाली नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलखात, त्याच माणसांत, मुलांना प्रार्थना शिकवावयास गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस घडलेल्या एका गोष्टीत आमचे बेळगाव येते. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. हेर असल्याचा त्यांच्यावर संशय. ते प्रॉटेस्टंट देशाचे. ज्या राजवटीने स्टीफन्सांच्या मित्राला कोंडले तिचे प्रजाजन. तरी स्टीफन्सांनी खटपट केली, जामीन मिळविण्यास साहाय्य केले व डिसेंबरात ते सुटले. त्यांतला एक चितारी होता, तो गोव्यातच राहिला. बाकीचे पुढच्या वर्षी संधी साधून सरहद्दीपार पळाले. फिचने आपल्या प्रवासवृत्तात पळाल्यानंतरचे अगदी पहिल्यांपैकी जे गाव लिहून ठेवले आहे ते बेळगाव. तेव्हा ते आदिलशाहीत होते, आणि तेथे हिरेमाणकांचा मोठा बाजार भरे असे तो नोंदवितो. तेथून ते विजापूर, गोवळकोंडा करीत अकबराच्या मुलखात गेले. फिच १५९१ साली लंडनला परतला आणि ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्यांनी पुढे त्याचा सल्ला घेतला. एका पाद्र्याच्या दयेचा धागा कोठवर गेला पाहा! अर्थात त्याचा दोष त्या दयेला लावण्याइतका मी कठोर नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. साष्टीत रविवारी प्रार्थनेनंतर, आणि लहान मुलांसाठी इतर दिवशीही, धर्मशिक्षणाचा वर्ग भरे. क्रूसाची खूण कशी करावी, आमच्या बापा ही प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार, आणि भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, रोग्याचा समाचार अशी दयेची कृत्ये. सारे प्रश्नोत्तररूपाने पाठ करून घ्यावयाचे. स्टीफन्सांनी ह्यासाठी कोंकणी बोलीत एक प्रश्नोत्तरी रचली. ती त्यांच्या मरणानंतर १६२२ साली राशोलच्या छापखान्यात छापून निघाली. तीच बोली शिकू पाहणाऱ्या पाद्र्यांसाठी त्यांनी व्याकरण लिहिले, ते १६४० साली छापले गेले. हिंदी भाषांपैकी एखादीचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. भाषेचा त्यांचा कान विलक्षण होता. १५८३ च्या ऑक्टोबरात पॅरिसमधील आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इकडच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी आहे असे त्यांनी नमूद केले. सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यास हाच विचार मांडला तो दोनशे वर्षांनंतर, १७८६ साली.

पण प्रश्नोत्तरी पाठ झाली म्हणून माणसाचा दिवस भरत नाही. ह्या लोकांच्या घरी पूर्वी पोथी होती. रात्री कोणी वाचावयाचे, चार शेजाऱ्यांनी ऐकावयाचे, बायांनी वाती वळता वळता मान डोलवावयाची. ख्रिस्ती झाल्यावर त्या पोथ्या गेल्या. काही पाद्र्यांनीच हस्तगत केल्या. साष्टी-तिसवाडीकडून अशा तऱ्हेने मिळविलेल्या मराठी कथांच्या प्रती पोर्तुगालात ब्रागा येथे अद्याप आहेत. पोथी गेली आणि तिची जागा रिकामी राहिली. संध्याकाळ होई, पण संध्याकाळी करावयाचे काही उरले नाही. ही रिकामी जागा ज्याला दिसली तो हा इंग्रज पाद्री.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनीच हा प्रसंग घातला आहे. रविवारी दुपारी वर्ग सुटल्यावर एक ब्राह्मण उठून पाद्र्यांस विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? रिकाम्या वेळी आम्ही काय वाचावे? हा प्रश्न मला सगळ्या ग्रंथाचा गाभा वाटतो. त्यात तक्रार आहे, विनंती आहे, आणि थोडा टोमणाही आहे. प्रश्न विचारणारा मोक्षाचे गूढ विचारीत नाही; रविवारच्या दुपारचे काय करू, एवढेच विचारतो. दुसऱ्या एखाद्या पाद्र्याने त्याला गप्प बसविले असते. स्टीफन्सांनी तो प्रश्न ग्रंथाच्या दारातच मांडला आणि उत्तरादाखल जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या.

पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची बायबलातली जुनी कथा आणि दुसऱ्यात येशूचे चरित्र, अशी ह्या ग्रंथाची रचना आहे. १६१६ साली तो राशोलला छापला. भाषा मराठी, मधून कोंकणी शब्दांची पेरणी. इथे त्यांची समज पाहा. रोजची प्रार्थना त्यांनी बोलीत दिली, कारण ती चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी म्हणावयाची असते. पोथी मात्र मराठीत लिहिली, कारण गोव्यातल्या माणसाच्या कानाला पोथीची भाषा मराठीच होती. छंदही ओवीचाच; जात्यावर आणि ज्ञानेश्वरांपासून नाथांपर्यंत साऱ्या पंथात रुळलेला. नाथांचे देहावसान १५९९ चे, म्हणजे दोघे काही वर्षे समकालीन. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, देवाला परमेश्वर म्हटले. ज्या शब्दांनी आजी प्रार्थना करीत आली ते शब्द नातवाच्या तोंडून काढून घेऊ नयेत, इतकी जाण त्यांना होती. जी गोष्ट बाकीच्या राजवटीला कळली नाही ती त्यांना निदान शब्दांपुरती कळली होती.

एक गोष्ट त्यांना साधली नाही. १६०८ च्या डिसेंबरात त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांकडे विनंती केली की इकडच्या लिपीचे खिळे पाडण्यास परवानगी मिळावी. अक्षरे व जोडाक्षरे मिळून सहाशेच्या घरात साचे लागतात, पण युक्तीने ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशोबही त्यांनी केला होता. हे काम झाले नाही. पुराण रोमन लिपीत निघाले. बहुतेक अभ्यासक ज्या वर्षी तुकोबांचा जन्म मानतात तेच हे वर्ष. मराठी छपाई तेव्हाच सुरू झाली असती तर काय झाले असते, ह्या कल्पनेत रमण्यास कोणाला आवडणार नाही? असो.

१६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. वय सत्तरीच्या आसपास. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही. हुतात्मा नाही, चमत्कार नाही, दरबारी कारकीर्द नाही. शेकडो मुलांच्या तोंडी तीच ती प्रश्नोत्तरे घोटून घेणे, पापनिवेदन ऐकणे, मरणाऱ्याजवळ बसणे, तंटे मिटविणे, आणि उरलेल्या वेळात ओव्या जुळविणे, ही त्यांची चाळीस वर्षे. येशूसंघाच्या संस्थापकांनी आपल्या माणसांना प्रत्येक गोष्टीत देव शोधावयास सांगितले होते. रोमच्या मठात हे सांगणे सोपे. साष्टीच्या पावसात, परक्या बोलीत, दुखावलेल्या माणसांत ते चाळीस वर्षे करणे निराळे.

त्यांच्या मागे त्यांचे काम राजवटीलाच मानवेनासे झाले. पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली मात्र व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर ह्याने हुकूम काढला की प्रजेने तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावयास लागावे. ज्या भाषेत त्या लोकांना देवाशी बोलावयास शिकविले होते तीच आता गुन्ह्यासारखी ठरली. हुकूम जसाच्या तसा अमलात आला नाही, येणे शक्यही नव्हते. स्वयंपाकघरापर्यंत कोणत्याही व्हाइसरॉयचा हात पोचत नाही. १७५९ साली येशूसंघालाच पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आले. छापील पुराणे तर इतकी नाहीशी झाली की पहिल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही.

मग पुराण वाचले कसे? घरांनी वाचविले. गोव्यातून बाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, विशेषतः दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेलेल्यांनी, त्याच्या हाताने नकला करून ठेवल्या, उपासाच्या दिवसांत वाचल्या, मुलांना दिल्या. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरास जोसेफ सालढाणा ह्यांनी पुराण पुन्हा छापले. विद्वानांना ग्रंथ मिळाला तो असा, घरोघरच्या पेट्यांतून. लंडनला एक देवनागरी हस्तलिखितही पुढे हाती लागले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्सांनी नागरी खिळे मागितले त्याला तेव्हा तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बेळगाव व निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि भाषा हा आमच्याही घरचा प्रश्न झाला. पण तो विषय वेगळा.

ही पुण्याची आवृत्ती मी विद्यार्थिदशेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतली व सुटीत बेळगावास नेली. मावशी तेव्हा थकल्या होत्या, नजरही गेली होती. त्यांचे वाचन कोंकणी प्रार्थनापुस्तकापुरते, तेही रोमन लिपीतले. रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी त्यांच्या ओसरीवर बसून येशूजन्माचा भाग वाचू लागलो. वैकुंठ शब्द आला तेव्हा त्या हसल्या आणि हे खरेच पाद्र्याने लिहिले आहे का, असे दोनदा विचारले. मी हो म्हटले. पुढे एका शब्दाशी मी अडलो, कोशात नसलेला. मावशींनी तो सहज सोडविला, कारण तो त्यांच्या घरातला होता. मी वाचीत राहिलो. त्यांनी स्वयंपाकघरातून सुनेला हाक मारून बाहेर बोलाविले, तीही पदराला हात पुशीत येऊन बसली. चार वाजता देवळाची घंटा झाली तेव्हा मी पुस्तक मिटले. पुढच्या रविवारी येशील ना, एवढे विचारून त्यांनी मला सोडले. त्या सुटीतले सगळे रविवार मी तेथे गेलो.